म्युझिक व्हिडिओत बाई कायम शोभेलाच का असते? नव्वदच्या दशकात तरी वेगळं होतं का?

थोडं वेगळं होतं, पण लोक उसासे टाकून सांगतात तेवढं नाही. १९९५ च्या 'मेड इन इंडिया'त अलिशा चिनॉय राणीच्या थाटात वर निवडते आणि उघड्या अंगाचा मिलिंद सोमण लाकडी पेटीतून बाहेर येतो. म्हणजे तिथे शोभेला पुरुष होता. २००० साली 'मन के मंजीरे'त मीता वसिष्ठने मारकुट्या नवऱ्याला सोडून ट्रक चालवणारी बाई उभी केली. दोन वर्षांनी 'कांटा लगा' चाललं आणि रीमिक्सवाल्यांनी बाई शोभेला ठेवण्याचा तोच साचा उचलला.

पण मला बोलायचंय ते आमच्या कोळीगीतांबद्दल. व्हिडिओ कुठलाही लावा, जिममध्ये कमावलेलं अंग घेऊन नाखवा होडीच्या टोकाला उभा, आणि कोळीण किनाऱ्यावर रिकामी पाटी कमरेला लावून लाजतेय. अहो, आमच्यात लाजून बाजार होत नाही! मासळी धक्क्याला लागली की लिलाव, बर्फ, घासाघीस, उधारी, हिशोब सगळं बाईचं. घरातला पैसा तिच्या हातात.

माझा चुलतभाऊ असे व्हिडिओ करतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याने आमच्याच जेट्टीवर शूटिंग लावलं. आजीचं लुगडं आणि आईची जुनी पाटी घेऊन गेला. नाचायला शहरातल्या डान्स क्लासच्या मुली. मधेच आमची होडी आली. आई भरलेली पाटी डोक्यावर घेऊन, पाणी निथळत, नेहमीच्या जागेवर बसायला निघाली, तर कॅमेऱ्यामागचा एक पोरगा ओरडला, "मावशी, फ्रेममधून बाजूला व्हा!" आई बाजूला झाली. जिच्यावर गाणं, तिलाच! व्हॅनच्या आडोशाला बसून तिने मासळी विकली, आणि निम्मी गिऱ्हाइकं शूटिंग बघत राहिली. रात्री नोटा मोजून बाबांना डिझेलचे पैसे काढून देताना ती एवढंच म्हणाली, "रिकामी पाटी घेऊन कोन हसतं गो?"

मी दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "गाणं आहे, माहितीपट नाही. लोकांना हेच आवडतं." लोकांना दुसरं काही दाखवलंय कधी? आणि पुरुषाचं तरी खरं कुठे दाखवता? मिठाच्या पाण्याने फुटलेल्या हातांनी दिवसभर जाळं शिवणारे माझे बाबा तुमच्या एकाही गाण्यात नाहीत.

तुम्ही 'का' विचारलंय. पैसा लावणारे, गाणं लिहिणारे, कॅमेरा धरणारे बहुतेक पुरुषच, हे माझ्या मते मोठं कारण.

एक मात्र सांगायला हवं, लुगडं, वेणी, सोनं यातलं काही खोटं नाही. हळदीला आमच्या बायका याहून नटतात. नाचणाऱ्या मुलींचा तर काहीच दोष नाही, उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचल्या बिचाऱ्या.

दादा, तू हे वाचशीलच. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते. त्याआधी एकदा पहाटे कॅमेरा घेऊन जेट्टीवर ये. आई लिलावाला उभी असते. नाचाला हव्या तेवढ्या मुली आण, गाणंही तुझंच ठेव. फक्त तिला बाजूला हो म्हणू नकोस.