जीवोतक म्हणजे जीव ओतणारा नव्हे

प्रश्न : मावशीच्या छातीतली गाठ काढली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर 'एक्सिजनल बायॉप्सी' असं लिहिलंय. नातेवाईक "बायॉप्सी निघाली" असं कुजबुजताहेत. शब्दाचा नेमका अर्थ काय? मराठीत काय म्हणावं? आणि बायॉप्सी लिहायचं की बायोप्सी?

आधी त्या कुजबुजणाऱ्यांचं बघू. बायॉप्सी 'निघत' नाही, करतात. "त्यांना बायॉप्सी झालीय" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय, कावीळ झाल्यासारखं! हे तपासणीचं नाव आहे, रोगाचं नाही. गाठ साधी आहे हेसुद्धा याच तपासणीतून कळतं आणि पुष्कळदा तसंच कळतं.

एक्सिजनल म्हणजे अख्खी गाठ काढून तपासायला पाठवणं. इन्सिजनल म्हणजे मोठ्या गाठीचा नुसता तुकडा घेणं. लॅटिनमधला कापण्याचा धातू दोन्हीकडे एकच. 'एक्स' लागला की कापून बाहेर, 'इन' लागला की आत काप. सुश्रुताच्या आठ शस्त्रकर्मांत छेद्य म्हणजे कापून काढणं आणि भेद्य म्हणजे चिरणं ही वेगवेगळी मोजली आहेत, ती जवळपास याच फरकामुळे. 'बायॉप्सी' हा शब्द 1879 मध्ये एर्नेस्त बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने ग्रीक 'बायॉस' म्हणजे जीवन आणि 'ऑप्सिस' म्हणजे पाहणं यांपासून घडवला. इथपर्यंत कुठलाही इंग्रजी कोश सांगेल.

मजा मराठी प्रतिशब्दात आहे. जुन्या पारिभाषिक लेखनात 'जीवोतक परीक्षा' असा शब्द भेटतो. जीव अधिक ऊतक (ऊतक किंवा ऊती म्हणजे टिश्यू, एकत्र गुंफलेल्या पेशींचा थर), अ आणि ऊ मिळून ओ; व्याकरण चोख. पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? जीव ओतक! कुणीतरी जीव ओतून केलेली परीक्षा. संधीने नेमका तो 'ऊ' गिळला, ज्याच्यात सगळा अर्थ होता.

तो 'ऊ' विणकराचा आहे. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणं. त्याचं रूप उत किंवा ऊत, म्हणजे विणलेलं. त्यावरून ऊती. (ऋग्वेदात पावलोपावली भेटणारी 'ऊति' वेगळी. ती मदत, रक्षण या अर्थाची, 'अव्' धातूतली. दोघींची गल्लत नको.) इंग्रजीतला 'टिश्यू' फ्रेंचमधून आला, तिथेही अर्थ विणलेलं कापड. आणि ऊतींच्या शास्त्राला हिस्टॉलॉजी म्हणतात त्यातला ग्रीक 'हिस्टॉस' म्हणजे चक्क माग. दिवसा विणायचं आणि रात्री उसवायचं असं करणारी, होमरच्या 'ओडिसी'तली पेनेलोपी बसायची तोच. संस्कृत, फ्रेंच, ग्रीक, तिघांचाही ताणाबाणा एकच!

एका व्याख्यानात एका निवृत्त प्राध्यापकांनी 'ऊती'चा संबंध उतू जाण्याशी जोडला. पेशींना ऊत येतो म्हणून म्हणे ऊती. टाळ्याही पडल्या. महाराज, उतू जातं ते दूध. निरोगी कातडीसुद्धा ऊतीच असते, तिला कसला ऊत आलाय? हेच गृहस्थ 'ओतप्रोत'ची फोड 'ओतून ओतून भरलेला' अशी करतात. ओतप्रोतमधला 'ओत' म्हणजे आ अधिक उत, तोच विणकर. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? ती पाणी कशात ओतलंय ते विचारत नाही, कशावर विणलंय ते विचारते. भर सभेत, एकामागून एक धागा ओढत ती याज्ञवल्क्याला इतकं मागे रेटते, की तो म्हणतो, गार्गी, याच्यापुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल.

हे सगळं पुस्तकी नाही. बारीक सुईने गाठीतून पेशी ओढतात त्या तपासणीत सुट्या पेशी दिसतात, वीण दिसत नाही. म्हणून पुष्कळदा त्यावर न थांबता बायॉप्सी करावी लागते. तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट बघतो की पेशींची मांडणी जागेवर आहे की विसकटली आहे, आपली हद्द सोडून त्या शेजारच्या भागात घुसल्या आहेत का.

'ऊती' मराठीत रुळणार नाही असं म्हणणाऱ्यांनी शाळेचं विज्ञानाचं पुस्तक उघडावं, नाहीतर जळगावकडे केळीच्या बागा बघायला जावं. ऊतिसंवर्धित रोपं तिथे कुणाला नवीन नाहीत. बोलताना टिश्यू कल्चर म्हणतील, पण छापील पत्रकातलं ऊतिसंवर्धन कुणाला अडत नाही. म्हणून माझं मत 'ऊतिपरीक्षा'. हिंदी वळणाचा 'ऊतक' नको आणि तो जीवघेणा संधी तर नकोच.

हां, मावशी. कागदावरच्या शब्दाचा अर्थ एवढाच की त्यांची गाठ पूर्ण काढून तपासायला दिली आहे. घरी सांगताना 'गाठ काढून तपासणी' म्हणा. नुसता तुकडा घेतला असता तर 'तुकडा काढून तपासणी' म्हटलं असतं. काय निघालं ते पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात असेल, तो वेगळा कागद. तो हाती येईपर्यंत नातेवाइकांना बोलू देऊ नका. आणि लिहा बायॉप्सी. ग्रीक 'ऑप्सिस'मधला ऑ आहे तो.