चॅनेल बदलला, तरी वाचन नाचतंच

प्रश्न : ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या एडीएस१११५ (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारी चिप) च्या ए० पिनला ० ते ३ व्होल्टचा सेन्सर जोडलाय. २ व्होल्टच्या जरा पुढे गेलं की आकडा ३२७६७ वर अडकतो. रास्पबेरी पायवरून कॉन्फिग रजिस्टरमध्ये (चिपच्या सेटिंगची जागा) सी३८३ (हेक्स म्हणजे सोळा-आधारी आकडा) लिहूनही ए१ मोकळी असताना वाचन नाचतं.

उत्तर : चिप सुरू होते तेव्हा त्या रजिस्टरमध्ये ८५८३ असतं, म्हणजे ए० आणि ए१ मधला फरक, रेंज ±२.०४८ व्होल्ट. म्हणून २.०४८ व्होल्टच्या पुढे आकडा ३२७६७ या कमाल किमतीवर अडकतो. तुमची किंमत बरोबर आहे. बिटांत ती अशी : १ १०० ००१ १ १०० ०००११. रूपांतर सुरू, ए० ते ग्राउंड, ±४.०९६ व्होल्ट, एकेरी मोड (सांगितल्यावर एकदाच मोजणं), सेकंदाला १२८ नमुने, कम्पॅरेटर (ठरवलेली मर्यादा ओलांडल्याचा इशारा देणारा भाग) बंद.

गडबड बाइटच्या क्रमात आहे. चिपला वरचा बाइट आधी लागतो. पायवरून चिपशी बोलणाऱ्या एसएमबस लायब्ररीचं वर्ड (दोन बाइट) लिहिणारं फंक्शन खालचा आधी पाठवतं. चिपमध्ये पोचतं ८३सी३, आणि त्यातले मक्स बिट (कोणती पिन मोजायची ते ठरवणारे) ००० असल्यामुळे पुन्हा ए०–ए१ फरकच मोजला जातो, म्हणून मोकळ्या ए१ मुळे वाचन नाचतं. ब्लॉक फंक्शन (दिलेल्या क्रमानेच बाइट पाठवणारं) वापरून पॉइंटर ०१ (कॉन्फिग रजिस्टरचा क्रमांक), मग सी३, मग ८३ पाठवा. वाचतानाही हाच क्रम सांभाळा. लिहिलेलं लगेच परत वाचून ताडणं फार मोलाचं. फक्त रूपांतर चालू असताना सर्वात वरचा बिट ० दिसेल, म्हणजे ४३८३. तो १ झाल्यावरच, साधारण ८–९ मिलिसेकंदांनी, रजिस्टर ०० (मोजलेला आकडा इथे असतो) वाचा, नाहीतर मागचाच आकडा हाती येतो. एक पायरी १२५ मायक्रोव्होल्टची.

±४.०९६ ही फक्त मोजण्याची रेंज आहे. पिनवर पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त दाब गेला तर चिप जाऊ शकते.