झेंडा जाळणाऱ्याला जेल हवी का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा डॅलसला जॉबला आहे. तो म्हणतो तिकडे अमेरिकेचा झेंडा जाळला तरी गुन्हा नाही, कोर्टानेच तसं सांगितलंय. मला पटत नाही. हे कसलं अभिव्यक्ती स्वातंत्र्य? - एक वाचक, सातारा

उत्तर: दादा, मुलगा बरोबर सांगतोय आणि ती केस डॅलसचीच आहे. 1984 मध्ये तिथे रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू होतं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याविरोधात मोर्चा निघाला आणि सिटी हॉलसमोर ग्रेगरी ली जॉन्सनने झेंड्यावर रॉकेल ओतून तो पेटवला, आजूबाजूचे मोर्चेकरी 'अमेरिके, तुझ्यावर थुंकतो' म्हणून ओरडत होते. एका माजी सैनिकाने नंतर ते जळके तुकडे गोळा करून घरी नेऊन पुरले. जॉन्सनला एक वर्ष कैद आणि 2000 डॉलर दंड झाला, पण 1989 ला सुप्रीम कोर्टात तो 5 विरुद्ध 4 ने सुटला. त्या पाचात स्कालियांसारखे पक्के उजवे न्यायमूर्तीपण होते. तिकडच्या संसदेने लगेच झेंडा जाळण्याविरुद्ध नवा कायदा केला, तोही 1990 ला सुप्रीम कोर्टात उडाला.

आता माझं मत. फाटका झेंडा मानाने जाळून टाकावा असं तिकडचा फ्लॅग कोडच, म्हणजे झेंड्याची नियमावलीच सांगते, आपलापण सांगतो. म्हणजे कापड तेच, आग तीच, फरक फक्त जाळणाऱ्याच्या मनात काय आहे याचा, मग शिक्षा कशाची, मनातल्या रागाचीच ना? दुसऱ्याचा झेंडा चोरला, कुठे आग लावली, तर त्याला वेगळे कायदे आहेत, ते लावा की.

आपल्याकडे 1971 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नंदुरबारला 1942 मध्ये शाळकरी शिरीषकुमार तिरंगा हातात धरून गोळ्या झेलत गेला, त्यामुळे झेंडा जळताना बघून तुमचा जीव तुटणार, माझाही तुटतो. त्या माणसाला तोंडावर खडसवा, निषेध करा, पण त्यासाठी जेल मला आपल्याकडेही नको वाटते.

आणि एक महत्त्वाचं, ऑगस्ट 2025 मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढलाय की झेंडा जाळणाऱ्यांवर बाकीच्या कायद्यांखाली केस करा आणि परदेशी असेल तर जमेल तिथे व्हिसा रद्द करा. 1989 चा निकाल अजून कायम आहे, तरी मुलगा व्हिसावर असेल तर हे त्याला आजच फोन करून सांगा.