कच्च्या वाटेवर मुलासोबत टँडेम: पैसे कुठे घालावेत?

प्रश्न: दादा, नमस्कार. आम्ही डर्बीत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, उंची ११८ सेंटिमीटर, वजन २२ किलो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय ताठ राहतात, वॉकर घेऊन चालतो, डाव्या हाताची पकड कमी आहे. समज उत्तम आणि तोंड अखंड चालू! त्याचे बाबा रविवारी माउंटन बाइक घेऊन रानात जातात, तेव्हा हा 'मी कधी येणार?' म्हणून विचारतो. ट्रेलरमध्ये बसून जायला तयार नाही, त्याला स्वतः पायडल मारायचंय. आमच्याकडे १२०० पौंड आहेत. एक जुनी स्टीलची माउंटन टँडेम (दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल) ६०० ला मिळतेय, दुसरीकडे एक नवी अ‍ॅल्युमिनियमची ९५० ला. दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या सायकलींच्या किमती पाहून तो नाद सोडला. काय घ्यावं?
– एक आई, डर्बी

उत्तर: ताई, जुनी स्टीलची बघा. नवी घेतलीत तर हातात २५० पौंड उरतील आणि खरा खर्च तर पुढेच आहे. तुमच्या मुलासाठी टँडेम म्हणजे फक्त मागची सीट, मागचे क्रँक (पायडल ज्यांना जोडतात ते दांडे) आणि मागचं पायडल. बाकीची सायकल त्याच्या बाबांची. म्हणून निम्मे पैसे त्या मागच्या तीन वस्तूंसाठी राखून ठेवा.

का ते सांगतो. मी शेफिल्डला सायकली दुरुस्त करतो आणि दिव्यांग मुलांच्या सायकल-सत्रांमध्ये मदतीला जातो. तिथे पालक येतात ते गिअर किती, सस्पेन्शन आहे का, असं विचारत. मी आधी टेप काढतो. तुमच्या मुलाच्या उंचीला पायाची आतली लांबी साधारण ५२ सेंटिमीटर भरेल. मोठ्यांच्या टँडेमवर मागची सीट अगदी खाली बसवली तरी सीटपासून क्रँकच्या मध्यापर्यंत ४८ सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहतं. त्यात नेहमीचा १७० मिलिमीटरचा क्रँक धरला की खालचं पायडल ६५ सेंटिमीटरवर जातं. पाय पोचणारच नाही. नुसते क्रँक आखूड करून १२० चे घातले तरी ६० होतात, म्हणजे अजूनही लांबच.

यावर जुना आणि पक्का उपाय आहे: मुलांसाठीचा वरचा क्रँकसेट. मागच्या सीटच्या उभ्या नळीवर एक क्लॅम्प (आवळून बसवायची पकड) बसतो, त्यात छोटी बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात तो आस) आणि आखूड क्रँक असतात, आणि डाव्या बाजूने एक चेन खालच्या चेनव्हीलला, म्हणजे दातेरी चाकाला, जोडलेली असते. क्लॅम्प नळीवर वर-खाली सरकतो. मुलगा वाढेल तसा तो खाली आणायचा आणि पुढे काढून टाकायचा. ११०-१२० चा क्रँक असला की गुडघाही फार वर उचलावा लागत नाही, आणि ताठ पायांच्या मुलाला त्याचा मोठा आराम असतो. आता स्टील का, तेही कळेल. जुन्या स्टीलच्या टँडेमला ही नळी बहुतेक वेळा २८.६ मिलिमीटरची, सरळ गोल असते आणि क्लॅम्प नीट धरतो. नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची नळी जाड असते, कधी चपटी असते. तिला क्लॅम्प मिळवताना नाकी नऊ येतात, आणि आवळून बसवला तर नळी दबायची भीती.

आता पायांचं. साध्या टँडेमवर दोघांचे पाय एकाच चेनने बांधलेले असतात. बाबांनी पायडल मारलं की मुलाचा पाय फिरणारच, त्याची इच्छा असो वा नसो. एकदा सत्रात एका मुलीचा पाय ताठरून पायडलवरून सुटला. पुढच्याला कळेपर्यंत ते पायडल फिरून आलं आणि तिच्या पिंढरीवर आपटलं. म्हणून साधं पायडल चालणार नाही. रुंद तळाचं, मागे टाच अडवणारा कप आणि वरून वेल्क्रोचा पट्टा असलेलं पायडल घ्या. तो स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालत असेल तर स्प्लिंट आणि बूट घालूनच माप द्या. हात मात्र हँडलला कधीही बांधू नका. डाव्या हातासाठी जाड, मऊ ग्रिप पुरेशी असते. पाय थांबवायचे असतील तर त्याने 'थांब' म्हणायचं आणि बाबांनी त्याच क्षणी पायडल थांबवायचं, हा नियम घरातल्या अंगणातच पक्का करा.

खरेदीच्या आधी त्याच्या फिजिओथेरपिस्टला हे सगळं दाखवा, विशेषतः खुब्याचं विचारा. या मुलांचा खुबा जागेवरून सरकायचा धोका असतो. किती वाकलं तर चालतं, पाठीला आधार किती उंच हवा, पट्टा लावावा का, हे त्यांनीच सांगायचं, मी किंवा दुकानदाराने नव्हे.

६०० ची ती टँडेम बघायला जाल तेव्हा घाई करू नका. बाबा ८० किलो, मुलगा २२, सायकल वीसेक किलो, वर पाणी-डबा. सव्वाशे किलोचं ओझं दोन चाकांवर उतारावरून येणार आहे. मागच्या चाकाला निदान ३६ स्पोक हवेत, ४० किंवा ४८ असले तर उत्तमच. चाक हवेत फिरवून पाहा. थोडं वाकडं फिरत असेल तर सरळ करता येतं, पण रिम (चाकाची बाहेरची धातूची कड) झिजून आत खोलगट झाली असेल तर नवं चाक बांधावं लागेल. टँडेमच्या मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी बऱ्याचदा १४० किंवा १४५ मिलिमीटर असते, साध्या दुकानात तो मिळत नाही. मग पुढची बॉटम ब्रॅकेट बघा. ती बहुधा एका गोल एक्सेंट्रिक (मध्य एका बाजूला असलेल्या) खोबणीत असते आणि ती फिरवून डावीकडची चेन ताणली जाते. वर्षानुवर्षं न हललेल्या सायकलीत ती गंजून जाम होते. विकणाऱ्याला समोर सोडवून दाखवायला सांगा. नाही सुटली तर मी ती सायकल घेणार नाही, कितीही स्वस्त दिली तरी.

जुन्या टँडेमला बहुधा रिम ब्रेक, म्हणजे रिमला पॅड घासणारे ब्रेक, असतात. जंगलातल्या छोट्या उतारांना नवे पॅड आणि केबल घातल्या की ते पुरतात. लांब उतारावर मात्र एवढ्या वजनाने रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. तुमच्याजवळच्या हाय पीक ट्रेल या जुन्या रेल्वेच्या वाटेवर हॉप्टन आणि मिडल्टनचे चढ-उतार आहेत. मिडल्टनला तर जुन्या काळी इंजिनाच्या दोराने डबे ओढत. तिथे उतरून चालत या.

टायर रुंद घ्या, २.१ इंचाच्या पुढचे, आणि हवा जरा कमी ठेवा. मागच्याला पुढचा खड्डा दिसत नाही आणि तुमच्या मुलाला सीटवरून उठताही येणार नाही, त्यामुळे प्रत्येक हादरा थेट त्याच्या कण्याला बसतो. सस्पेन्शनची सीटपोस्ट (सीटखालची नळी) सगळे सुचवतील, पण तिची स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाची असते. २२ किलोला ती दबतच नाही. सर्वांत मऊ स्प्रिंग मिळत असेल तरच त्यावर पैसे घाला. बाबांनी मोठ्याने सांगत जायचं: 'खड्डा', 'मूळ', 'ब्रेक'. पोरांना हे सांगणं फार आवडतं, चार दिवसांत तोच मागून सूचना द्यायला लागेल.

मागे जोडायच्या अर्ध्या सायकली, म्हणजे ट्रेलर-बाइक, तुम्हाला कोणी सुचवतील. त्यांवर मुलाला स्वतःचा तोल सांभाळून बसावं लागतं, आणि कच्च्या वाटेवर त्या डुलतात. तुमच्या मुलासाठी नकोत. जर्मनीची हाझे पिनो ही याहून फार चांगली: मूल पुढे पाठ टेकून बसतं, बाप मागून चालवतो, पुढच्याला पायही थांबवता येतात. किंमत मात्र हजारोंमध्ये. तरीही एकदा बसवून पाहा, म्हणजे त्याला कोणती बैठक मानवते ते कळेल. त्यासाठी दिव्यांगांसाठी सायकल-सत्रं घेणाऱ्या 'व्हील्स फॉर ऑल' या संस्थेकडे चौकशी करा. वापरलेल्या टँडेमसाठी १९७१ पासून चालत आलेल्या टँडेम क्लबच्या सभासदांकडे विचारा. ती माणसं सायकल जपणारी असतात.

पहिल्या फेऱ्या टिसिंग्टन ट्रेलवर करा. अ‍ॅशबोर्नहून पार्सली हेपर्यंत १३ मैल, जुन्या रेल्वेची वाट, चढ अगदी हळू. सगळी एका दमात नको. किंवा बेकवेलजवळचा मॉन्सल ट्रेल, साडेआठ मैलांचा; त्यातले बोगदे २०११ मध्ये खुले झाले आणि त्यात आवाज घुमतो, तुमच्या बडबड्याला मजा येईल. आत गार असतं. थंडीत ताठ स्नायू आणखी ताठरतात आणि मागे बसलेल्याला बाबांइतका घाम येत नाही, म्हणून त्याला एक थर जास्तच घाला. मुलाला सायकलवर बसवताना बाबांनी दोन्ही पाय फाकवून, दोन्ही ब्रेक दाबून उभं राहायचं आणि तुम्ही मागून उचलायचं. बाबा एकटेच नेणार असतील तर दोन पायांचं भक्कम स्टँड हवंच.

पैशांचं एक: दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी वस्तूत बदल करून घेतला तर त्या कामावर २० टक्के व्हॅट माफ होतो. दुकानात काम सुरू होण्याआधी लेखी घोषणापत्र द्या. नंतर मागितलं तर दुकानदाराला अडचण होते.

आता मला दोन मापं कळवा: टेकून उभं केल्यावर मुलाच्या पायाची आतली लांबी, आणि त्या स्टीलच्या टँडेमच्या मागच्या सीट-नळीचा व्यास, व्हर्नियरने घेतलेला. क्लॅम्प बसेल की नाही ते लगेच सांगतो. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका.