माळ्यावरची ट्रंक

मावशी, बाबा जाऊन तीन महिने झाले. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, अबोल. तेराव्याला आलेल्या एका काकांनी सांगितलं, की बाबा कबड्डी आणि व्हॉलीबॉल, दोन्ही खेळांत राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेले होते. माळ्यावरच्या ट्रंकेत ब्लेझर, प्रशस्तिपत्रं, संघांचे फोटो निघाले. मला त्यांच्या नावानं फिरता करंडक ठेवायचाय. भाऊ म्हणतो, बाबांना मिरवणं आवडत नव्हतं, ट्रंक आहे तशी राहू दे. काय करू? आणि त्यांनी आम्हाला का सांगितलं नाही?
– एक मुलगी, सांगली जिल्हा

बाळ,

खरं दुखणं तुझ्या शेवटच्या प्रश्नात आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. त्यांनी सांगितलं नाही, की घरात कुणी विचारलं नाही? रागावू नकोस. बापाला आपण पगार, औषधं आणि ‘जेवलात का’ याच्या पलीकडे काही विचारत नाही.

भावाचं ‘आवडत नव्हतं’ मला मात्र पटत नाही. गप्प माणसाला काय हवं होतं, ते आपण आपल्या सोयीनं ठरवून टाकतो आणि त्याला त्याचा साधेपणा म्हणतो.

तुमच्याच जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं बघ. पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमई या तांत्रिक विभागात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकून राहिली. कमरेखालचं बळ गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि गडी पोहणारा झाला. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले. १९७२ ला हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. तिथंच भालाफेक आणि स्लॅलममध्येही, म्हणजे व्हीलचेअरच्या अडथळ्यांच्या शर्यतीतही, उतरले होते. ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पुढं पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली आणि लोक त्यांना विसरले.

आता तुझ्या भावाला हे ऐकव: अर्जुन पुरस्कारासाठी पेटकरांनी स्वतः अर्ज केला होता, तो नाकारला गेला. म्हणजे मनात होतं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सुवर्णानंतर ४६ वर्षांनी. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांच्या वयात. ते निदान तेवढे जगले. हेलसिंकी ऑलिम्पिकला १९५२ मध्ये कुस्तीत कांस्य जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९८४ मध्ये गेले, अर्जुन त्यांना मरणोत्तर मिळाला.

तुझ्या बाबांनाही असंच काही वाटत होतं का, मला ठाऊक नाही. पण डांबरगोळ्या घालून ब्लेझर कुणीतरी जपलाच ना? नकोसा कागद माणूस पावसाळ्यात बंबात घालतो.

करंडकाची मात्र घाई नको. दोन वर्षं हौसेनं होतो, तिसऱ्या वर्षी मंडपवाल्याच्या बिलावरून भांडणं होतात, चौथ्या वर्षी कप कुणाच्या तरी कपाटात पडून राहतो. पैसे खर्चायचेच असतील तर गावच्या शाळेला व्हॉलीबॉलची जाळी आणि चार चांगले बॉल घेऊन दे. नाव लिहायचं तर खांबावर लिही, ते पोरांच्या रोज डोळ्यांसमोर राहील.

त्याआधी एक तातडीचं काम. तेराव्याला आलेल्या त्या काकांचा नंबर शोध आणि या आठवड्यात संघाचे फोटो घेऊन त्यांच्याकडे जा. उभे कोण, बसलेले कोण, सामना कुठला, बाबा कुठल्या जागेवर खेळायचे, पकड करायचे की चढाई, सगळं विचार. फोटोच्या मागं पेन्सिलनं लिहून घे. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उमटतं. ती नावं सांगू शकणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकीच उरली असतील.

भावालाही सोबत ने. तो ‘येत नाही’ म्हणेल, तर गाडी चालवायला ये म्हण.

तुझी,
मावशी