झोपेसाठी आवाज लावताय?

सुरुवात घरच्या पंख्यापासून करा, ॲप नंतर. जाग आणतो तो शांततेत अचानक पडलेला फरक: हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं. मागे एकसारखी घरघर असली की तो फरक बोथट होतो.

व्हाइट नॉइज, म्हणजे उंच-खालच्या सगळ्या सुरांचा सारख्याच जोराचा ‘श्श्श’ आवाज, बऱ्याच जणांच्या कानाला टोचतो, मलाही टोचायचा. त्याचेच मवाळ प्रकार पिंक आणि ब्राउन: सूर वर चढेल तसा पिंकमध्ये दर सप्तकाला जोर 3 डेसिबलने उतरतो, ब्राउनमध्ये 6 ने. म्हणून ब्राउन लांबच्या धबधब्यासारखा खर्जात वाटतो. मी त्यावरच स्थिरावलो. पावसाचं रेकॉर्डिंग घेतलंत तर गडगडाट नसलेलं घ्या, आणि फाइल संपून पुन्हा सुरू होते तो सांधा नीट ऐका. त्या बारीकशा खटक्याने मी महिनाभर रात्री जागा होत होतो, आणि दोष चहाला देत होतो!

इअरफोन घालून झोपू नका. स्पीकर उशीपासून लांब, आवाज इतकाच की साधं बोलणं सहज ऐकू यावं. तान्ह्या बाळाच्या खोलीत असा आवाज करणारं मशीन पाळण्यापासून निदान 2 मीटर दूर आणि 50 डेसिबलच्या आत ठेवा. खरं तर बाळाला तुमची अंगाई पुरते. संथ, तेच तेच पालुपद. सूर हलला तरी चालतो.

पहिला आठवडा रोज एकच आवाज लावा, बदलत बसू नका.