अ‍ॅसिड वाढवण्याआधी फॉस्फरस कुठे बसलाय ते बघा

तुमच्या लोहखनिजात ०.२० टक्के फॉस्फरस होता, तो काढायला सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ढवळलं तर ०.१७ वर आला, आणि दुसरा नमुना नुसता भाजला तर उलट ०.२२ झाला, म्हणून आता अ‍ॅसिड दुप्पट करू का असं विचारताय. नका करू.

आधी त्या ०.२२ चं सांगतो. फॉस्फरस वाढलेला नाहीये, वजन घटलंय. गोएथाइट (पाणी धरून असलेलं लोखंडाचं ऑक्साइड) तापवलं की ३०० अंशांच्या आसपास त्यातलं पाणी उडतं आणि ते पाणी वजनाच्या साधारण १० टक्के असतं, म्हणजे १०० ग्रॅमचे ९० उरले, फॉस्फरस मात्र होता तेवढाच, मग टक्का चढणारच. पण याच आकड्यावरून कळतं की तुमचं खनिज बहुतेक सगळं गोएथाइट आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

स्वीडनमधल्या किरुनाच्या खनिजात फॉस्फरस अ‍ॅपेटाइटच्या, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच्या खनिजाच्या, वेगळ्या कणांत असतो. दळून कण मोकळे केले की फ्लोटेशनने (बुडबुड्यांना चिकटवून वर तरंगवून) निघतात, आणि पातळ अ‍ॅसिडमध्येही अ‍ॅपेटाइट सहज विरघळतं. हिशोब करा ना, टनामागे २ किलो फॉस्फरस म्हणजे ११ किलोच्या आसपास अ‍ॅपेटाइट, त्याला जवळपास तेवढंच सल्फ्युरिक पुरतं (कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, असेल तर ते वेगळं अ‍ॅसिड खातं, किलोला जवळपास किलो). गोएथाइटमध्ये तसं नसतं, ऑस्ट्रेलियातल्या पिल्बाराची खनिजं बघा, तिथे फॉस्फरस गोएथाइटच्या आतच मुरलेला असतो, वेगळा कणच नाही तर दळून मोकळा काय करणार? तुमचा जो ०.०३ गेला तो बहुधा थोडंफार अ‍ॅपेटाइट असेल तो, उरलेल्यासाठी अ‍ॅसिड वाढवाल तर लोखंडच विरघळायला लागेल.

अशा खनिजाला मी तरी आधी कॉस्टिक सोडा लावून बघेन. फॉस्फेट लोखंडाच्या ऑक्साइडला धरून बसतं ते आम्लधर्मी पाण्यात, पीएच चढला की पकड सुटते. कॉस्टिक मिसळून भाजायचं आणि मग गरम पाण्याने काढायचं, सोडियम फॉस्फेट पाण्यात जातं, थोडं अ‍ॅल्युमिनाही जातं, तो फायदाच. फक्त नंतर सोडियम अगदी कसून धुवा, ब्लास्ट फर्नेसमध्ये (लोखंड वितळवायच्या भट्टीत) सोडियमसारखी अल्कली गेली की कोक आणि भट्टीचं अस्तर दोन्ही खराब होतात.

अ‍ॅसिडचेच प्रयोग चालू ठेवणार असाल तर धुण्याकडे लक्ष द्या, लोक इथेच फसतात आणि मीही यात बरेच दिवस घालवलेत. लगदा अ‍ॅसिडिक असतानाच गाळा, पहिलं धुणं पातळ अ‍ॅसिडचं ठेवा, एकदम साधं पाणी ओतलं की पीएच वर जातो आणि विरघळलेला फॉस्फरस फेरिक फॉस्फेट होऊन परत खनिजावर बसतो.

पुढचं काही करण्याआधी एक छोटी टेस्ट कराच. थोडा नमुना पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये ढवळा आणि फिल्ट्रेटमध्ये (गाळून आलेल्या पाण्यात) कॅल्शियम, फॉस्फरस, लोखंड तिन्ही मोजा. सल्फ्युरिक नको, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) होऊन कॅल्शियम खाली बसतं. अ‍ॅपेटाइट विरघळलं असेल तर कॅल्शियम वजनाने फॉस्फरसच्या दुप्पट तरी हवं, कॅल्साइट असेल तर त्याहून बरंच जास्त येईल. आकडे आले की इथे टाका, कॉस्टिक किती आणि किती तापमानाला ते त्यावरून ठरवू.